बेल्मिरूची गाडी

गाडी घेतली तेव्हा सीट पार मागे होती,
कुणा लांब टांगांच्या माणसाच्या मापाची.
खटका गंजलाय, दोना एर्मलिंदा म्हणाली,
आणि किल्लीबरोबर एक उशी दिली पाठीला लावायला.
पैसे तिने मोजलेही नाहीत.

पांढरी रेनो, माझ्याहून वयाने मोठी.
गिअर समोरच्या फळीतून बाहेर आलेला,
छत्रीच्या मुठीसारखा. ओढा, पिरगाळा, ढकला.
वळताना सिग्नल द्यायला जावं
तर रखरखीत उन्हात वायपर फिरू लागतात.
चौदा वर्षांची उजव्या हाताची खोड,
सामान तोलताना विमानतळावर कुणी काढून घेतली नाही.

शनिवारी नवरा कारखान्यात असतो.
मी एव्होराचा कोट ओलांडते,
आधी जवळची गावं, मग त्यांच्या पलीकडची.
आर्रायोलुशला गालिचे पाहिले, किंमत विचारली नाही.
रेदोंदूला कुंभाराच्या दारात
एका म्हाताऱ्याने काठीवरची दोन बोटं उचलली.
मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.
नमस्कार गाडीला होता.

एश्त्रमोशच्या बाजारात तर चीजवाला थेट आला,
बॉनेटवर थाप मारून आत वाकला,
'बेल्मिरू?'
आणि मला पाहून गप्प झाला.
भाषेच्या वर्गात आम्ही अजून वर्तमानकाळातच.
होता, गेला, वारला, हे सगळं नाताळनंतर.
म्हणून म्हणाले, बेल्मिरू नाही आहे. गाडी आहे.
त्याने टोपी काढली.
पाव किलो तोलून वर आणखी एक तुकडा ठेवला,
तो कुणासाठी, ते मी विचारू शकले नाही.

परतीच्या रस्त्यावर बुचाची झाडं,
कमरेपासून खाली सोललेली, ओल्या विटेसारखी लाल,
आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा:
साल कुठल्या वर्षी काढली त्याचा शेवटचा अंक.
पुन्हा हात लावायचा तो नऊ वर्षांनी.
चारचा आकडा पाहिला की मी हिशोब करते.
तेव्हा मुलगी सतराची असेल.
माझ्या परवान्यावर दोनच वर्षं लिहिलीत.

एर्मलिंदा दारात शेंगा सोलत बसलेली असते.
काय काय पाहिलंस, असं ती कधी विचारत नाही.
विचारते, कोण कोण भेटलं?
चीजवाल्याचं सांगितलं तर म्हणाली,
त्या चोराने याचे चारशे एस्कुदो बुडवले.
मग बराच वेळ नुसत्या शेंगा.
मग खाली बघूनच,
'अझारुजाला गेलीस, तर गाडी जरा लांब लाव.'

मला लांब लावायची होती. देवाशपथ.
पण त्या गल्लीत वळल्यावर क्लच आपोआप सैल पडला,
की माझाच पाय कच्चा, कोण जाणे.
निळ्या पट्ट्याचं घर. खिडकीत कपडे वाळत होते.
इंजिनाचा आवाज ऐकून आतून एक बाई उठली,
साठीची असेल, हाताला पीठ,
केस सारखे करत घाईघाईने पुढे आली
आणि काचेतून तिला मी दिसले.

वाटलं, सिग्नल द्यावा आणि निघावं.
पुन्हा तोच चुकीचा दांडा.
कोरड्या काचेवर वायपर,
एकदा, दोनदा, खरखरत,
हात हलवल्यासारखे.

तिनेही पिठाचा हात वर केला.