चारशे क्रोनर

एस्किल्स्तूनात नदीकाठी दर शनिवारी
जुन्या वस्तूंचा बाजार सातलाच भरतो.
कान तुटलेले कप, एकाच पायाचा स्केट,
कुणाच्या तरी लग्नातल्या काट्या-चमच्यांचा ढीग,
आणि शेवटच्या टेबलावर, हिरव्या ब्लँकेटवर,
अकरा वस्तरे.
मिटलेले.

खिशात चारशे क्रोनर होते,
मार्चपासून डब्यात टाकलेले.
कशाचे वाचले ते गुनवोरला सांगितलं नाही,
तिनंही विचारलं नाही.
"उघडून बघ," म्हणाली,
"फक्त अंगठा फिरवू नकोस धारेवरून.
अंगठा भरून येतो. धार येत नाही."

पहिला उचलला तो अर्थातच देखणा.
पात्यावर कोरलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज,
मूठ लोण्याच्या रंगाची. तीनशे ऐंशी.
"जहाजानं दाढी होत नाही," गुनवोर म्हणाली,
"आणि उरलेल्या विसात चामडी पट्टा कोण देणार तुला?
पट्ट्याशिवाय वस्तरा म्हणजे पाकिटं फोडायची सुरी."

दुसरा नवाकोरा, डबीसकट नव्वद.
इतका स्वस्त की मीच ओशाळलो.
तिनं नखानं टिचकी मारली, आवाज डबड्याचा आला.
"पाणीच दिलेलं नाही ह्याला.
रूप वस्तऱ्याचं, जीव चमच्याचा."
मग इथं कशाला ठेवलाय?
"नाटकवाले नेतात."

एकाला गंज होता पाठीवर, एकाला धारेजवळ,
तिळाएवढा.
मला दोन्ही सारखेच वाटले.
"पाठीवरचा म्हणजे वय झालं. धारेजवळचा म्हणजे आजार.
आजारी माणूस घरी नेऊ नये, बाजारातून तर नाहीच."

मग एक असा, की पाठ एकाच बाजूनं झिजलेली,
टोकाकडे जास्त.
ती तो बराच वेळ उन्हाकडे धरून बसली.
तिचा नवरा एवर्ट चाळीस वर्षं कारखान्यात पाती घासायचा.
नुसती पाठ बघून तो मालक सांगायचा:
हा दगडावर रेटून घासतो, ह्याला घाई असते,
हा बायकोशी भांडून आला की धार लावायला बसतो.
"आणि ह्याचा मालक?" मी विचारलं.
तिनं वस्तरा मिटला, ब्लँकेटखाली सरकवला.
"हा विकायला नाही. चुकून आला."

सातवा काळा.
नाव अर्धं पुसलेलं, शेवटची तीन अक्षरं तेवढी उरलेली.
पाठ दोन्हीकडून सारखी झिजलेली,
खिळे घट्ट,
मिटताना पातं मुठीच्या बरोबर मधोमध उतरलं,
कुठंही न घासता,
उशिरा घरी आलेल्या समजूतदार माणसासारखं.
दोनशे दहा. एवर्टचा जुना पट्टा एकशे वीस.
मी घासाघीस केली नाही.
ती दगडाशी करायची असते, एवढं तोवर कळलं होतं.

पैसे घेण्याआधी म्हणाली, "हात पुढे कर."
भविष्य बघत नव्हती,
बोटं बघत होती.
पुलावरून बस गेली. नंतर कुणीतरी कुत्र्याला हाक मारली.
माझा हात हवेत,
सहा महिन्यांपूर्वी ज्यात कॉफीचा कप वाजायचा तोच.
करंगळी जराशी हलली.
"थंडी," मी म्हणालो.
"सप्टेंबर आहे," ती म्हणाली.

मग वर्तमानपत्रात वस्तरा गुंडाळत,
माझ्याकडे न बघता:
"पहिला महिना फक्त गाल.
गळ्याला घाई नाही."

रविवारी सकाळी खिडकीच्या कडीला पट्टा अडकवला.
जाताना पाठ पुढे, येताना पाठ पुढे,
धार मागून, ओढत. चाळीसपर्यंत मोजलं,
मध्ये चुकलो, पुन्हा एकपासून.
डावा गाल झाला. कानाजवळ एक थेंब,
बाकी नुसता साबणाचा वास आणि केस तुटल्याचा
बारीक, कोरडा आवाज, जो मी आजवर ऐकलाच नव्हता.
उरलेली दाढी प्लास्टिकच्या रेझरनं उरकली.

सत्तर क्रोनर शिल्लक होते.
सातही नाणी परत डब्यात टाकली,
एकेक करून.