कोनाडा

कुरियात सोडलं की डोंगर समुद्राला रेटत नेतात,
रस्त्यापुरती जागा ठेवतात जेमतेम.
तिवीच्या वळणावर मोबाइल म्हणाला, पोहोचलात.
समोर एक बकरी
आणि एक भिंत, तिच्याच रंगाची.

ईदच्या सुट्टीतल्या दोन रात्री, रात्रीचे तीस रियाल.
"दीडशे वर्षांचं घर आहे," सदानंद म्हणाला,
"म्हणजे वर्षाला दोनशे बैसा पडले."
असा हिशेब केला की त्याला सुट्टी लागल्यासारखी वाटते.

खमीस नावाचा म्हातारा किल्ली घेऊन आला.
किल्ली म्हणजे प्लास्टिकचं कार्ड.
खरी किल्ली, वीतभर, लाकडी,
आत भिंतीवर काचेच्या पेटीत टांगलेली.

प्रवाळाचे दगड, वर सारूजचा गिलावा,
छताला आफ्रिकेतून गलबतात आलेले वासे,
त्यांवर खजुराच्या झावळ्यांची चटई.
वाशांची लांबी तेवढीच खोलीची रुंदी.
बांधणाऱ्याने आधी झाडाला विचारलं
आणि मग घर आखलं.
त्याच भिंतीला भोक पाडून आता एसी बसवलाय,
घसा खाकरत राहणारा.

दाराजवळ नियमांचा कागद.
भिंतीला खिळे ठोकू नयेत.
गच्चीवर नाचू नये.
आत मासे तळू नयेत.
ऋजुताने मोठ्याने वाचलं आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
सुक्या बोंबलांना बोलावं लागत नाही.

खमीस हसला, दोन दातांनी, पण पुरेसं.
"नियम पुतण्याचे. तो मस्कतला असतो, बँकेत.
माझी आई इथे मुशी सुकवायची.
या दगडांना वासाची सवय आहे."
तीस वर्षं सिमेंटच्या दुकानात शिकलेलं हिंदी,
त्यात प्रत्येक वाक्याला गोणीचं वजन.
त्याने अंगणात तीन दगड मांडले.
जाळ त्याचा, बोंबील माझे.

जेवणं झाली आणि वीज गेली.
आम्ही तिघं अंधारात एकमेकांना हाका मारत उभे,
एका खोलीत असून.
खमीस आत आला, न अडखळता,
आणि त्याचा हात भिंतीकडे गेला,
खाली, खूप खाली,
माझ्या कमरेच्याही खाली.
त्याला वाकावं लागलं.

मोबाइलच्या उजेडात मी पाहिलं:
एक कोनाडा. त्यात विकत आणलेला शंख.
हात त्या शंखावरच राहिला,
चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा.

"इथे काडेपेटी असायची," तो म्हणाला.
"मौझा, माझी आई, ठेवायची.
होड्यांना उशीर झाला की ती किनाऱ्यावर जायची,
मी एकटा. सात वर्षांचा.
माझा हात पोहोचेल एवढ्यावरच तिने कोनाडा करवून घेतला."

"म्हणजे हे घर तुमचं?" सदानंदने विचारलं.
"याच खोलीत जन्मलो.
आता किल्ली देतो लोकांना."
असं म्हणून तो वीज बघायला गेला,
जणू आम्ही वेळ विचारली होती.

एसी गप्प होता, म्हणून समुद्र ऐकू आला.
रात्रभर. ऋजुताला वाटलं कोणी झाडतंय.

निघायच्या सकाळी नाक्यावरच्या मलबारी दुकानातून
शंभर बैसाची काडेपेटी घेतली, पोपटाच्या चित्राची.
"काही विसरलं म्हणून परत गेले," गाडीत मी सांगितलं.
सदानंदने हिशेब विचारला नाही.
शंख जरा बाजूला सरकवला होता, एवढंच.

रूवीला पोहोचलो तेव्हा जिन्यात काळोख.
कुलूप उघडलं, पिशव्या आत टाकल्या,
दिव्यासाठी डावीकडे हात लावला.
गुळगुळीत भिंत.
बटण उजवीकडे आहे,
सतरा वर्षं.