वर्गणी : शून्य

अर्ज दोन पानांचा आहे, एल्स्पेथ.
दुसऱ्या पानावर, तळाशी, एक चौकोन:
प्रशिक्षणार्थींची वर्गणी. त्यात छापलेलं शून्य.
तू त्याच्याकडे असं पाहिलंस
जसं आर्ब्रोथमध्ये कुणीही फुकटच्या माशाकडे पाहील,
आधी वास घेऊन.

बंदरावरची पोर तू.
तुझ्या कोटाला धुरी दिलेल्या हॅडकचा वास येतो
आणि मागच्या बाकांवर नाकं दाबली जातात,
हे तू मला सांगितलं नाहीस.
झेरॉक्सच्या खोलीत, कागद अडकला तेव्हा,
मशीनला सांगत होतीस.
मी नुसती दारात होते.

स्टाफरूमच्या भिंतीवर बावीस हूक, बावीस कप.
तू दहा आठवडे थर्मासच्या झाकणातून चहा प्यायलीस.
कुणी वाईट नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.
वाईट माणसांशी भांडता तरी येतं.

मग गिलख्रिस्टची चिठ्ठी:
बुधवारी साडेतीनला, प्रगतीविषयी थोडं बोलू.
थोडं!
एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय मी.
थोड्याने काय काय उतू जातं, मला विचार.

तू म्हणालीस, मी अजून शिक्षिकासुद्धा नाही,
मला कसली युनियन.
म्हणालीस, तुम्ही पाठीशी आहात हेच पुष्कळ.
नाही गं.
पाठीशी उभं असलेलं माणूस दिसत नाही.
दर वाक्याला मान वळवून बघावं लागतं,
आहे ना, की सटकलं.
मी शेजारी बसेन.

आमच्या किनाऱ्यावर समुद्रधुक्याला हार म्हणतात.
बुधवारी दुपारी तो चढून आला.
आधी मैदान गेलं, मग कुंपण,
मग खिडकीत आपलेच चेहरे उरले.
खोलीत खुर्च्या दोनच.
मी प्रयोगशाळेतलं स्टूल ओढत आणलं
आणि तुम्हा दोघांपेक्षा वीतभर उंच बसले,
लायब्ररीतल्या घुबडासारखी.

फार काही केलं नाही मी.
भाषण नाही, टेबलावर मूठ नाही.
एकदा म्हटलं, थांबा, तारीख लिहून घेते.
एकदा विचारलं, वर्गावर ताबा नाही म्हणजे कोणत्या वर्गावर,
आणि बघायला मागे कोण बसलं होतं?
मग बराच वेळ फक्त रेडिएटर बोलला.
पाच निरीक्षणं ठरली होती. झाली दोन.
गिलख्रिस्टने चष्मा काढला.
त्याच्याही आठवड्याला मोकळा तास उरलेला नाही,
तुला शिकवायचा वेळ त्याने जेवणातून कापायचा होता.
तोही आपलाच सभासद, एल्स्पेथ.
पुढच्या बुधवारी त्याच्या शेजारी बसणार आहे मी.

तू जिंकली नाहीस.
पुन्हा सहा आठवडे, माँट्रोझच्या शाळेत,
सकाळी सहा पन्नासची बस.
पण कागदावर अपात्रच्या जागी अपूर्ण आलं.
दोन्ही शब्द अ-पासूनच सुरू होतात.
त्यांच्यामधलं अंतर म्हणजे युनियन,
बाकी मग वार्षिक जेवण आणि तिथली भांडणं.

माझ्या वेळी शेजारची खुर्ची रिकामी होती.
मी तिच्यावर पर्स ठेवली
आणि सगळी उत्तरं पर्सच्या बकलाकडे बघून दिली.
बकल पितळेचं होतं. काय विचारलं गेलं, ते आठवत नाही.

आणि हो, बुधवारी तू सभासद नव्हतीस.
अर्ज तुझ्या पिशवीतच होता, मासिकात दुमडलेला.
हे शाखेच्या चिटणिसाला सांगू नकोस.

शून्य म्हणजे फुकट नव्हे.
तुझा वाटा आधीच कुणीतरी भरलाय,
कुणी कुरकुरत, कुणी पगारातून परस्पर कापला जातो म्हणून.
नोकरी लागली की तूही भरशील
कुठल्यातरी न पाहिलेल्या पोरीचा.

सही इथे.
पेन अडलं तर झटक.
माँट्रोझला कोण आहे म्हणतेस?
डॉलिना कार्गिल, भूगोल. अखंड बोलते.
तिला फोन केलाय:
सोमवारच्या आत भिंतीवर एक हूक ठोक.