आत कोणीतरी आहे

लिओव्हिजिल्दो दर नोव्हेंबरात कार्ड घेऊन येतो,
रुमालात गुंडाळलेलं, अंडं आणावं तसं.
ज्या जहाज-कंपनीला त्याने उमेदीची अकरा वर्षं दिली
ती रॉटरडॅमहून विचारते : अजून आहात ना?
आणि ‘आहे’ म्हणायला इथे ग्रासिओझा बेटावर
नुसता माणूस पुरत नाही. सही लागते,
चिपमधून निघालेली.

यंदा वाचनालयाच्या जुन्या यंत्रावर मीच लिनक्स चढवलेलं.
फुकट, हलकं, आणि अडलं तर शिव्या खायला मीच.
रीडर यूएसबीत खोचला. यादी मागवली :
सहाव्या ओळीत त्याचं नाव, कंपनीसकट.
पीसीएससीडी बसवला, सुरू केला,
सुरू आहेस का, विचारलं. आहे, म्हणाला.
आणि रीडर?
रीडर सापडत नाही, म्हणाला.

डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो,
तरी नाही.
कार्ड उलटं घातलं, चिप स्वेटरला पुसली,
केबल बदलली, पॅकेज काढून पुन्हा टाकलं;
नन्नाचा पाढा तोच.
पावणेसहाची बस गेली. पुढची उद्या.

तो पडद्याकडे बघतच नव्हता.
रीडरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होता, ओठांत आकडे मोजत,
चौतीस वर्षं दीपगृहात काढलेला माणूस.
“हा लुकलुकत नाही,” म्हणाला, “एकसारखा जळतोय.
रिकामा असता तर असा जळला नसता.
आत कोणीतरी आहे.”

मी हसणार होते. चालू कामांची यादी उघडली,
आणि होता.
सकाळी माझ्याच टपालाच्या किल्ल्यांसाठी
जागा केलेला एससीडेमन,
काम संपून तास उलटले तरी बसलेला,
रीडर कवेत घेऊन, दार आतून लावून.
काखेत कळसा, आणि मी गावभर.

“याला घालवते,” म्हटलं. बोट एन्टरवर.
“आधी कळवलंयस त्याला?”

दीपगृह आपोआप चालू लागलं त्या वर्षी
त्याला एक पाकीट आलं होतं. गावात सगळ्यांना माहीत आहे.
पाकिटानंतरही आठ दिवस
तो वर जात राहिला, काचा पुसायला.

मी नऊ हा आकडा खोडला. पंधरा लिहिला.
नऊ म्हणजे मुस्कटात मारून बाहेर;
पंधरा म्हणजे, आवरून घ्या, निघायचंय.
गेला. एका शब्दानेही न भांडता.

मग कार्ड. ठिपका लुकलुकला,
पडद्यावर तीन-बीपासून सुरू होणारी ओळ उमटली,
वीज लागताच कार्ड पहिल्यांदा जे बोलतं ते :
मी अमुक, माझा वेग असा, माझ्याशी असं बोला.
पिन टाकेपर्यंत मी छताकडे पाहत राहिले.
चार टकटक, मधली एक लांबलेली.
मान्य.
पुढच्या नोव्हेंबरापर्यंत लिओव्हिजिल्दो हयात आहे.

कार्ड गुंडाळता गुंडाळता त्याने रुमाल पुन्हा सोडला.
“बस तर गेलीच,” म्हणाला,
आणि माझा पडदा पुसायला लागला,
वरच्या डाव्या कोपऱ्यापासून.