थांबायचं नाही

पहिले पॅड मी नासवले ते खंडेनवमीला.
पुसूनपासून ओळीनं मांडलं सगळं: पाना, पंप, सुऱ्या,
नवऱ्याचा स्टेथोस्कोप, मग ही सायकल.
आणि पुढची चकती चांदीसारखी लखलखत होती म्हणून तिच्यावर
तेलात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट.

दुसऱ्या दिवशी माखन्थ्लेथच्या उतारावर
ती अशी किंचाळली
की कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी चरणं सोडलं.
दाबला तेवढा दाबला ब्रेक.
शेवटी मला थांबवलं ते गॉर्सच्या काटेरी झुडपानं.

दुकानात कारिसनं पॅड नखानं खरवडला, नाकाशी नेला.
"तेल प्यायलंय यानं. आता ते सुटायचं नाही."
लाल रंगाचं तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

मग निवड. रेझिनचे मऊ, मुके, चटकन धरणारे,
पण आपल्याकडच्या चिखलात दोन महिन्यांत संपतात.
(आपल्याकडच्या, म्हणाली ती. मला धरून.)
धातूचे कुरकुरे, सकाळी उठायला वेळ घेणारे,
तापले की मात्र ऐकतात.
सासूबाई आठवल्या. धातूचे घेतले.

चकती एकशेऐंशीची की दोनशेतीनची?
तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि सभ्यपणे म्हणाली, "डोंगर मोठा आहे."
दोनशेतीन.

संध्याकाळी कुंकू लावलं, कोरडं, घंटीला,
आणि निघाले दवाखान्यामागच्या चढाला.
वर जायचं, वेग घ्यायचा, दाबायचं,
चालत्या माणसाच्या वेगावर आणायचं, सोडायचं.
थांबायचं नाही. थांबलीस तर
पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो
आणि मग ती जागा कायमची ठेचकाळते.
वीसदा पुढचा. वीसदा मागचा.

पाचव्या खेपेपर्यंत साबणावर हात ठेवल्यासारखं.
नवव्याला जळका वास, आणि माझ्या पोटऱ्या.

कारिस याला बेड-इन म्हणते.
चढताना मी शब्द शोधत होते.
मुरवणं नाही, त्याला बरणी लागते, अंधार लागतो.
रुळवणं.
पॅडनं आपली थोडी पूड चकतीवर सोडायची,
चकतीनं ती अंगी लावून घ्यायची.
पकड असते ती त्या पातळ थराची,
ना याची ना तिची.

चौदावी की पंधरावी, मोजणं चुकलं,
इथला रोजचा बारीक पाऊस लागला होता,
आणि उजव्या हाताच्या नुसत्या एका बोटाखाली
अख्खा उतार
गुमान खाली बसला.

मी थांबले नाही.
अजून पाच बाकी होत्या.