सातवा मजला, सुमारे ऐंशी फूट

नकाशा डबल बेडवर पसरला तरी
लडाख उशीखाली जातं,
आणि पंखा तीनवर केला की
अख्खा हिमालय उडून चेंबूरच्या फरशीवर.
मग चारुशीला, माझी धाकटी जाऊ,
कोपऱ्याकोपऱ्यावर वजनं ठेवते:
खलबत्ता, इस्त्री,
शाळेत मिळालेली गोळाफेकीची ढाल,
आणि बारालाच्यावर माझा चष्म्याचा डबा.

"सोळा हजार फूट," ती म्हणते.
आमची सोसायटी समुद्रसपाटीपासून किती,
ते कुणालाच ठाऊक नाही.
अमावास्येच्या भरतीला नाल्याचं पाणी उलटं येऊन
पंपाच्या खोलीचा उंबरा चाटतं,
त्यावरून काय तो अंदाज.

जिप्सी कुर्ल्याहून घेतली, इस्माईल हमदुलेंकडून.
किल्ली देण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं,
"मिस्टर नाही आले?"
मिस्टर घरी आहेत. दोघंही.
एकाची कंबर, दुसऱ्याचं ऑडिट.
हमदुलेंनी मग बॉनेट उघडलं
आणि तासभर, हातातला चहा निववत,
उंचावर इंजिनाला दम लागतो तो ओळखायचा कसा ते सांगितलं.
माणसासारखंच, म्हणाले,
आधी चिडतं, मग गप्प होतं.
हे मी वहीत लिहून घेतलं.

वहीत आणखी आहे:
जेरीकॅन दोन, चारुशीला म्हणते तीन.
लोणचं न्यायचं की नाही, हा वाद पुढच्या पानावर.
निघायचं जूनच्या पहिल्या आठवड्यात.
खिंडीची बातमी: बंद. बंद.
बंद. सोमवारी अर्धी.

चढाचा सराव करणार कुठे?
घाटात रविवारी गाड्यांना गाड्या चिकटलेल्या.
म्हणून रात्री साडेअकराला
महापालिकेच्या वाहनतळावर गेलो.
सात मजले, गोल गोल चढत जाणारा रॅम्प, पहिला गिअर.
मी खिडकीतून डोकं काढून भिंत किती लांब ते सांगत,
ती दातओठ खात स्टिअरिंगवर.
पाचव्यावर इंजिन बंद पडलं.
हातभर मागे घसरलो,
आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "अहो आई!"
अठ्ठावीस वर्षांत सासूबाईंच्या बाबतीत
पहिल्यांदा एकमत.

सातव्यावर एकही गाडी नव्हती.
वारा होता.
दोरीवर वॉचमनचे बनियन, एक लाल टॉवेल,
दोन हिरवे रुमाल
ओळीनं फडफडत होते.
आम्ही काहीच बोललो नाही.

नेगी त्याचं नाव, किन्नौरकडचा.
आधी पावती फाडली,
मग टायरावर पाय दाबून पाहिला.
कुठे जाणार ते ऐकून हसला नाही.
एवढंच म्हणाला, नाले दुपारी ओलांडू नका.
ऊन चढलं की वरचं बर्फ सुटतं,
सकाळचा घोट्याएवढा ओढा तीन वाजता छातीला लागतो.
पहाटे जा. रात्रीच्या थंडीनं
वर सगळं धरून ठेवलेलं असतं, तोवर.

चारुशीलाचं माहेर वेसाव्याचं.
वडील तिथीची पाऊणपट करून
भरतीची वेळ सांगणारे.
"म्हणजे ओहोटी," ती म्हणाली.
नेगीला शब्द कळला नाही.
तिनं तळहात पालथा केला
आणि सावकाश जमिनीकडे नेला,
होडी गाळात टेकताना पाणी जातं तसा.
त्यानं मान हलवली. बहुतेक तेच.
"फक्त चंद्राचं काही काम नाही तिथे,"
उतरताना ती स्वतःशीच म्हणाली,
"सूर्याची भरती."
आणि ब्रेकवरचा पाय काढून
गिअरच्या जोरावर गाडी उतरवत राहिली,
सहा, पाच, चार,
मला एकदाही भिंत विचारली नाही.

वहीत सहाव्या दिवसापुढे आता तिचं अक्षर आहे:
ओहोटी, पहाटे चार ते आठ.
पावती आम्ही कुंझुमवर ठेवली आहे.
वजन म्हणून तिचा काही उपयोग नाही.
पंखा लावला की
तीच आधी उडते.