डाव्या बुटाचं भोक

हर्षालीच्या बुटाला भोक पडलं.
डाव्या, अंगठ्याच्या मुळाशी,
जुन्या चार आण्याएवढं, गोल.
उजवा जसाच्या तसा.
तीन महिन्यांत दुसरा जोड.
मी म्हणालो, पाय घासत चालू नकोस.
ती म्हणाली, पप्पा, चालून नाही पडत.

रबर मला कळतं.
बावीस वर्षं अंबडला ऑइल सील तपासतोय,
नख रुतवलं की सांगतो
माल किती उन्हाळे काढेल.
म्हणून शालिमारच्या दुकानात
पोऱ्याच्या हातून बूट काढून घेतला,
वाकवला, पिळला, आत नाक घालून वास घेतला,
म्हणालो, चिकटवलेला नको, शिवलेला दाखव.
हर्षाली रस्त्याकडे तोंड करून उभी,
या माणसाबरोबर आपण आलोच नाही, अशी.

शेवटी सापडला.
जाड सोल, खोल नक्षी,
माझ्या सेफ्टी शूजचा धाकटा भाऊ.
दुकानाच्या फरशीवर रेटून बघितला, हलेना.
चौदाशे सांगितले, साडेअकराशेला आणला.
पाच वर्षं मरत नाही हा, मी म्हणालो.
पाच वर्षांत माझा पाय वाढेल, ती म्हणाली.

पगारे सरांनी बूट हातात घेतला
आणि परत दिला.
त्यांचा क्लास सिडकोत, समाजमंदिराच्या हॉलमध्ये,
खाली मॅट नाही, नुसता कोबा,
म्हणून तर बूट चालतात.
"तुम्ही लोक पकड बघता," ते म्हणाले.
"लाथ मारताना खालचा पाय फिरायला हवा.
बूट जमीन धरून बसला
की फिरतो गुडघा."
आणि शिट्टी वाजवायला निघून गेले.
मी बूट पिशवीत घातला.
रबर उत्तम, शिवण उत्तम,
तरी माल रिजेक्ट.
तो आता भाचा घालतो, पिंपळगावला,
द्राक्षाच्या बागेत, चिखलात.
मस्त टिकलाय.

भद्रकालीत, भाजीबाजाराच्या तोंडाशी
लहानूबाबा बसतात.
त्यांना जुना जोड दाखवला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
भोकातून बोट आरपार काढलं, हलवलं,
आणि वर न बघताच विचारलं,
"पोरगी उजव्या पायानं मारते ना?"
मी गप्प.
"उंच मारते. आणि भीत नाही.
भिणाऱ्याची टाच झिजते,
वजन मागं ठेवतो तो."

मी तिची लाथ कधी पाहिली नव्हती.
क्लास संध्याकाळी सहाचा, माझी सेकंड शिफ्ट.
फी वेळेवर भरली.
पावत्या आहेत सगळ्या, फाइलला लावलेल्या.

मग बाबांच्याच सांगण्यावरून
साधा कॅनव्हासचा घेतला, सपाट, साडेतीनशेचा.
न घातलेल्या, कोऱ्या बुटाच्या
डाव्या अंगठ्याखाली त्यांनी
चामड्याची चकती शिवली, मेण लावलेल्या दोऱ्यानं.
"ही झिजू दे. फिरायलाच लावलीय.
चकती बदलत राहू, बूट राहील."
वीस रुपये.
उजव्याला? मी विचारलं.
"त्याला अजून काम कुठंय?" म्हणाले,
आणि कुणाच्या तरी छत्रीला लागले.

तेव्हापासून दर रविवारी
ती आंघोळीला गेली की
गॅलरीत जाऊन मी बूट उलटे करतो.
चकती दोनदा बदलून झाली.
रजिस्टर ठेवत नाही,
पण तारखा तोंडपाठ आहेत.

या रविवारी, उजव्या बुटाखाली,
अंगठ्याच्या मुळाशी,
नक्षी पुसट झालेली दिसली.
नखाएवढी जागा. गुळगुळीत.
सवयीनं नख रुतवून पाहिलं.

बाथरूममधलं पाणी बंद झालं.
मी बूट होते तसे ठेवले,
मग उजवा तेवढा उचलला,
पिशवीत घातला,
आणि शिफ्ट बदलून मिळण्याचा अर्ज
कुणाच्या नावानं करतात,
ते आठवत जिना उतरलो.